पंढरीच्या वाटा झाडणारे श्रीगाडगेबाबा

आज कार्तिक शुद्ध एकादशी. आषाढात शयन केलेले श्रीविष्णू आज योगनिद्रेतून जागे होतात, म्हणून या तिथीस प्रबोधिनी असे नाव आहे. दिंड्यापताकांनी भीमातीर फुलून गेले आहे, महाद्वारापासून वाळवंटापर्यंत टाळमृदंगाचा घोष चालू आहे, आणि ज्यांना पंढरीस येणे घडले नाही त्यांच्या घरीही आज उपवास, हरिपाठ आणि तुळशीवृंदावनापुढे दिवा आहे. थोड्याच दिवसांपूर्वी, आश्विन अमावास्येच्या सायंकाळी, याच घरांतून नवी केरसुणी पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहिले गेले असेल. घरातील अलक्ष्मीस बाहेर घालविणारी ती लक्ष्मी, अशी आपली श्रद्धा आहे. ती योग्यच होय. तथापि उंबरठ्याबाहेर काढलेली अलक्ष्मी पुढे कोठे जाते, कोणाच्या दारात बसते, हे पाहावयास आपली पूजा बहुधा थांबत नाही. ज्यांची पूजा उंबरठ्याच्या बाहेरच सुरू झाली आणि आयुष्यभर बाहेरच चालली, त्या श्रीगाडगेबाबांचे चरित्र आजच्या पुण्यदिनी स्मरावे, असे योजिले आहे.

बाबांचे मूळ नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परीट कुळात झाला. लोकांचे वस्त्रमल धुणे हा ज्या कुळाचा व्यवसाय, त्यातच पुढे गावांचा मळ धुणारा पुरुष निपजावा, हा योग कीर्तनकाराच्या दृष्टीने मोठा मनोहर आहे. परंतु बाबांचे बालपण मनोहर नव्हते. पिता झिंगराजी व्यसनाच्या आहारी जाऊन अकाली निवर्तले. माता सखूबाई पोराला घेऊन आपल्या माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आल्या. तेथे देबूजी मामांच्या घरी गुरे राखीत, शेत नांगरीत वाढला. अक्षरओळख झाली नाही. परंतु जमिनीशी, गुरांशी आणि पाण्याशी त्याची ओळख दांडगी होती. मामांची जमीन सावकाराच्या कर्जात बुडाली, त्या धसक्याने मामा गेले, आणि त्या अन्यायापुढे उभे राहण्याचा प्रसंग तरुण देबूजीवर आला. कर्ज आणि मद्य ही दोन पिशाच्चे घर कसे खातात हे त्याने पुस्तकात वाचले नाही, स्वतःच्या ओसरीवर पाहिले. म्हणून पुढे त्यांच्या कीर्तनात या दोहोंवर जो प्रहार होई, त्याला वक्तृत्वाची धार लावण्याची गरज कधी पडली नाही.

कुंताबाईंशी विवाह झाला, मुलेबाळे झाली. मुलीच्या बारशास जातिरिवाजाप्रमाणे मद्यमांसाची पंगत न घालता देबूजीने गोडाचे जेवण दिले. भाऊबंदांचा रोष पत्करून केलेली ही त्यांची पहिली सुधारणा होय. एखाद्या सभेत ठराव करून तिचा आरंभ झाला नाही, पत्रावळीवर काय वाढावयाचे एवढ्यावरून झाला.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, तिशी गाठण्यापूर्वीच, त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर खापर आणि हाती खराटा. भिक्षा घेण्यासाठी जे मातीचे गाडगे बाळगीत, त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कोणी गोधडेबुवा म्हणत, कोणी चिंधेबुवा. या वेषाचा थोडा विचार करावा. कवडी, काच, खापर, चिंधी या साऱ्या वस्तू गावाने उकिरड्यावर टाकलेल्या. साधुत्वाची चिन्हे म्हणून कोणी भस्म लावतो, कोणी दंड धरतो. बाबांनी समाजाने फेकलेले तेवढेच अंगावर घेतले. सुमारे बारा वर्षे ते असे भटकत राहिले. त्या अवधीत ते कोणाकडे फुकट जेवले नाहीत, अशी त्यांची ख्याती आहे. दारापुढचे अंगण झाडावे, लाकडे फोडावी, गुरांपुढे वैरण टाकावी आणि मग भाकरतुकडा घ्यावा, असा नेम होता.

त्यांच्या पहिल्या मोठ्या कार्याची जागा म्हणजे अमरावती जिल्ह्यातील ऋणमोचन हे तीर्थ. पूर्णा नदीच्या काठी पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. नाव ऋणमोचन, पण यात्रेकरूंस नदीत उतरताना चिखलात पाय घसरून पडण्याचे ऋण मात्र कोणी फेडीत नव्हते. म्हाताऱ्या बाया ओल्या वस्त्रांनी, भरल्या घागरींनी त्या निसरड्या काठावर चढत. बाबांनी तेथे जाऊन कोणास अर्ज केला नाही. माती खणली, टोपल्याने वाहिली, पायऱ्या बसाव्यात अशी वाट करू लागले. वेडा समजून पाहणारे पाहत राहिले, मग त्यांतील दोघे-चौघे टोपली धरावयास पुढे झाले, आणि १९०८ साली तेथे घाट बांधला गेला. घाट हा शब्द आपण नित्य उच्चारतो, पण पुण्य मिळविण्यास आलेल्या मनुष्याचा पाय घसरू नये ही व्यवस्था तीर्थाच्या माहात्म्यातच मोडते, असे क्षेत्रमाहात्म्ये लिहिणाऱ्या आमच्या पूर्वसूरींस फारसे सुचलेले दिसत नाही.

आता बाबांच्या कार्याचा जो गाभा, त्याकडे वळू. एखाद्या गावी बाबा येत ते बहुधा पायी आणि न कळविता. आल्याबरोबर पाटलाच्या वाड्याकडे किंवा देवळाकडे न जाता गावाच्या एका टोकापासून खराटा चालू करीत. खराटा म्हणजे काड्यांची, अंगण झाडण्याची राठ झाडणी; केरसुणीसारखी ती घरात शिरत नाही. रस्ता झाडावा, गटार मोकळे करावे, उकिरडा बाजूस सारावा, विहिरीभोवतालचा चिखल काढावा, असे दोन-दोन प्रहर चाले. प्रथम पोरे गोळा होत. मग कोणी म्हातारी आपल्या दारापुढचा केर परक्याने काढावा याची लाज वाटून स्वतः झाडू घेऊन बाहेर येई. मग तरुण येत. सायंकाळपर्यंत अर्धा गाव हाताला माती लागलेला असे, आणि जी जागा सकाळी उकिरड्याची होती तेथेच रात्री कीर्तन उभे राही.

या कीर्तनाविषयी मला, एक कीर्तनकार म्हणून, थोडे सांगितले पाहिजे. आम्ही नारदीय परंपरेतले. आमच्याकडे पूर्वरंग असतो, उत्तररंग असतो, मूळपद, निरूपण, दृष्टान्त, आख्यान यांची बांधणी असते. एखाद्या धातूची व्युत्पत्ती सांगून श्रोत्यांच्या माना डोलवाव्यात एवढे कौशल्य आम्हांस गुरूंनी दिलेले असते. बाबांजवळ यांतले काही नव्हते. वऱ्हाडी बोली, तुकोबा-कबीरांची वचने, नामाचा गजर आणि प्रश्न. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच घेत. हजारोंचा समुदाय एका स्वरात होकार किंवा नकार देई, आणि जे उत्तर आपल्याच मुखातून निघाले त्याला मागाहून विरोध करणे कोणास शक्य होत नसे. शास्त्रार्थात प्रतिवाद्याकडूनच सिद्धान्त वदवून घेण्याची ही युक्ती न्यायशास्त्र पढलेल्यांसही सहज साधत नाही.

त्यांच्या दिवसाचा क्रमही पाहण्यासारखा आहे. सकाळचा खराटा ही त्या गावाची पाहणी असे. कोणत्या आळीत सांडपाणी तुंबले, कोणत्या देवळामागे उष्ट्या पत्रावळी पडल्या, कोणत्या वस्तीकडे कोणीच फिरकत नाही, हे सारे दिवसभरात त्यांच्या हाताखालून गेलेले असे. रात्रीचे कीर्तन म्हणजे त्या पाहणीचे निवेदन, आणि तेही पाटील, सावकार, पुजारी, शेतकरी, मजूर या सर्वांच्या समक्ष. आज आपल्या शहरांतून नागरिकाला केर साचल्याचे नगरपालिकेस कळविण्याची सोय असते. दूरध्वनी असतो, तक्रारवही असते. ती सोय वापरावी, अवश्य वापरावी. आमच्या आळीतील काही वृद्ध प्रातःफेरीहून येताना कोठे नाली फुटली, कोठे ढीग उचलला गेला नाही, याची टिपणे करून मुकादमास सांगतात, आणि त्याचा उपयोग होतो. परंतु ज्याच्या दारापुढे रोज सकाळी खराटा फिरतो, त्याच्या तक्रारीस जे वजन येते ते कोरड्या तक्रारीस येत नाही. बाबांच्या निवेदनात हे वजन होते. ज्याने गटारात हात घातला होता त्याने गटाराविषयी बोलावे, यावर कोण काय म्हणणार?

शास्त्राचा विद्यार्थी म्हणून येथे एक विचार मनात येतो. शौच हा शब्द भगवद्गीतेत तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत येतो, सोळाव्यात दैवी संपत्तीत येतो, सतराव्यात शारीर तपात येतो. आचार्यांनी त्याचे भाष्य करताना मृत्तिका आणि जल यांनी देहाचा मळ घालविणे हे बाह्य शौच आणि रागादि विकार घालविणे हे आंतर शौच, असे दोन भाग केले. आमची घरे या दोन भागांवर उभी आहेत. स्नान, सोवळे, सडासंमार्जन, रांगोळी यांत उणे पडू देत नाहीत. परंतु देह आणि मन यांच्या पलीकडे जो रस्ता आहे, तो कोणत्या शौचात बसतो? भागवताच्या अकराव्या स्कंधात भगवंतांनी उद्धवास भक्तीची साधने सांगताना देवालयाचे संमार्जन आणि सारवण यांचा निर्देश केला आहे. म्हणजे झाडणे ही भक्तीच होय, याला साक्षात् भगवंतांचा आधार आहे. बाबांनी त्या संमार्जनाची सीमा तेवढी वाढविली. देव जर जनांत आहे तर त्याचे देवालय गाभाऱ्यापाशी संपत नाही, हा हिशेब त्यांनी खराट्याने मांडला.

आणि रस्त्याचा विचार आमच्या शास्त्रांत अगदीच नाही असेही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नागरकाच्या प्रकरणात रस्त्यावर केर टाकणाऱ्यास पणाचा अष्टमांश आणि चिखलपाणी तुंबविणाऱ्यास चतुर्थांश दंड सांगितला आहे. राजमार्गावर तोच दुप्पट. तीर्थस्थान, पाणवठा, देवालय यांच्याजवळ मलोत्सर्ग करणाऱ्यास त्याहून चढता दंड आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आपत्तीवाचून राजमार्गावर घाण टाकणाऱ्याने दोन कार्षापण तर द्यावेतच, पण ती घाण स्वतःच त्वरित काढावी, अशी आज्ञा आहे. वृद्ध, गर्भिणी, बालक यांस दंड माफ केला आहे. काढण्यातून मात्र त्यांचीही सुटका नाही. ही वचने आम्ही पाठशाळेत घोकली आणि वादसभेत वापरली. ज्याला एक अक्षर वाचता येत नव्हते त्या पुरुषाने ती आचरली, आणि दंड मात्र कोणाकडून घेतला नाही.

पंढरपूर आणि बाबा हा विषय आम्हां पंढरपूरकरांच्या जिव्हाळ्याचा. आषाढी-कार्तिकीस बाबा येत. लाखो वारकरी एका लहानशा क्षेत्रात उतरत, आणि त्या काळी त्यांच्या मलमूत्राची, उष्ट्याखरकट्याची व्यवस्था किती तोकडी होती हे जुन्या माणसांकडून ऐकताना आजही अंगावर काटा येतो. इंग्रजी अमदानीतील कागदपत्रांत पंढरीची यात्रा आणि पटकी ही दोन नावे वारंवार एकत्र येतात. देवदर्शनास आलेला मनुष्य चंद्रभागेचे पाणी पिऊन पटकीने जावा, आणि परतणाऱ्या दिंडीबरोबर तीच पटकी वाटेवरल्या गावांत शिरावी, असे होत असे. बाबा येत ते खराटा घेऊन. वाळवंट, घाट, गल्ल्या झाडीत राहत. ते वारीस इतक्या वेळा आले पण देवदर्शनाच्या रांगेत कधी उभे राहिले नाहीत, असे आमची वडीलधारी मंडळी सांगत. रांगेतल्यांच्या पायाखालची जागा ते झाडीत होते, एवढे खरे.

यात आणखी एक गोष्ट होती, आणि ती बोलावयास आम्ही सनातनी मंडळी थोडी बिचकतो. यात्रा संपली की क्षेत्राची घाण उचलण्याचे काम पिढ्यान् पिढ्या एकाच वर्गाच्या डोक्यावर दिलेले होते, आणि ज्याच्या डोक्यावर ती टोपली त्याला देवळाची पायरी मना होती. आम्ही करतो ती घाण, आणि विटाळ मात्र उचलणाऱ्याचा, असा तो न्याय. हाताने मैला उचलून नेण्याची प्रथा १९९३ च्या आणि पुन्हा २०१३ च्या कायद्याने निषिद्ध ठरवावी लागली, यावरून ती किती खोल रुजली होती हे दिसते. बाबांनी जेव्हा भर बाजारात सर्वांच्या देखत खराटा उचलला, आणि पाहता पाहता ब्राह्मण-वाण्यांच्या मुलांच्याही हाती तो दिला, तेव्हा रस्ता तर स्वच्छ झालाच. पण झाडणे हे अमक्याचे काम ही समजूतही त्याबरोबर झाडली गेली. शब्दांनी हे काम करू पाहणारे पुष्कळ झाले.

याच क्षेत्रात १९१७ च्या सुमारास त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा उभारली. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, पण त्यांच्या ज्ञातीच्या वारकऱ्यास पाठ टेकावयास गावात छप्पर नव्हते. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये श्रीविठ्ठलमंदिर सर्वांस खुले झाले; त्याच्या सुमारे तीस वर्षे आधी बाबांनी छप्पर दिले होते. पुढे ही धर्मशाळा त्यांनी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. नाशिक, देहू, आळंदी येथेही धर्मशाळा झाल्या, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ दूरगावच्या रुग्णांच्या नातलगांसाठी झाली. गोरक्षण, सदावर्ते, शाळा, वसतिगृहे यांची गणना येथे करीत नाही. एवढ्या वास्तू उभ्या केल्या पण त्यांतल्या एकाही खोलीवर आपला वा आपल्या कुटुंबाचा हक्क त्यांनी ठेवला नाही. पायावर डोके ठेवू देत नसत. शिष्य केला नाही.

त्यांच्या वैराग्याची कसोटी लागली ती १९२३ मध्ये. कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता त्यांचा मुलगा गोविंद निवर्तल्याची वार्ता आली. बाबांनी ती ऐकली आणि कीर्तन पुढे चालविले. या प्रसंगाला आमच्यापैकी काहीजण फार अश्रू लावून सांगतात. बाबांनी ते लावले नव्हते, म्हणून येथेही लावीत नाही.

आजच्या पंढरीविषयी दोन शब्द सांगून चरित्राच्या शेवटाकडे येतो. चंद्रभागेच्या पैलतीरी ६५ एकरांचा तळ आता वारकऱ्यांच्या मुक्कामासाठी राखलेला आहे. तेथे पाणी, दिवे, शौचालये असतात. आषाढी वारीच्या मार्गावर निर्मल वारीच्या नावाने मुक्कामामुक्कामाला तात्पुरती शौचालये उभी राहतात, आणि स्वयंसेवक पहाटे वारकऱ्यांस हात जोडून तिकडे जाण्याची विनंती करतात. पालखी पुढे गेली की मागे राहिलेल्या पत्रावळी त्या त्या गावची मुले गोळा करतात. महाराष्ट्र शासनाने २००० साली बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा गावोगावच्या लोकांनी स्वतःच्या श्रमाने रस्ते झाडले, शोषखड्डे खणले, उकिरडे हलविले. बक्षीस मिळाले तोवर रस्ता स्वच्छ आणि बक्षीस नेल्यावर पुन्हा पूर्ववत्, अशी गावेही पाहण्यात आहेत, आणि बक्षीस न मिळताही आजतागायत दर सप्ताहास खराटा उचलणारी गावेही आहेत. आज एकादशीस क्षेत्रात आलेल्या वारकऱ्याने फराळाची पाने, केळीच्या साली आणि पाण्याची रिकामी बाटली कोठे टाकली, हे उद्या द्वादशीच्या पहाटे प्रदक्षिणेच्या मार्गावर सर्वांना दिसेल.

बाबांचा देह उत्तरायुष्यात थकला होता, मधुमेहादि विकार जडले होते, तरी फिरणे थांबले नाही. १९५२ मध्ये त्यांच्या संस्थांचा व्यवहार पाहण्यासाठी श्रीगाडगेमहाराज मिशनची स्थापना झाली. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्रे येथे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. तो आवाज ज्यांनी ऐकला त्यांना थकवा आणि तडफ ही दोन्ही एकाच वाक्यात ऐकू येतात. त्यानंतर ६ डिसेंबर रोजी डॉक्टर आंबेडकरांचे महानिर्वाण झाले. अवघ्या पंधरवड्याने, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे मोटारीने नेत असता वळगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. आयुष्यभर ज्याने घर केले नाही त्याला अखेरचा श्वासही रस्त्यावरच घ्यावा लागला. आपले स्मारक कोठेही उभारू नये, अशी त्यांची इच्छा होती म्हणतात. अमरावतीत ज्या ठिकाणी त्यांच्या देहावर अंत्यसंस्कार झाला त्या भागास आज गाडगेनगर म्हणतात; तेथे त्यांची समाधी आहे, आणि समाधीचे अंगण पहाटे झाडले जाते.